हाताच्या टप्प्यात

३ फेब्रुवारी

धाकटे,

फोन तू उचलत नाहीस. आता तर तो वाजतही नाही, म्हणजे माझा नंबर तू ब्लॉक केलायस. ठीक आहे. पत्र ब्लॉक करता येत नाही. फाडलंस तरी आधी उघडशील, एवढं मी तुला ओळखते.

पहिल्यांदा ते प्रकरण मिटवते. त्या दिवशी तुझी बॅग मी जिन्यात फेकली, ते चुकलं. बॅग फेकायला नको होती. बाकी जे बोलले त्यातला एक शब्दही मागे घेणार नाही. दिवसभर कारखान्यात उभी राहून मी घरी येते आणि बघते काय, तर आई खुर्चीवरून उठतेय, बसतेय, उठतेय, बसतेय, डोळ्यांतून पाणी गळतंय आणि तू समोर उभी राहून शांतपणे मोजतेयस, "आठ. अजून दोन, आई." सख्खी मुलगी! मला वाटलं आपल्या घरात पोलीस चौकशी चाललीय. तू फिजिओथेरपिस्ट असशील तुझ्या दवाखान्यात. इथे ती तुझी पेशंट नाही, आई आहे.

एकतीस वर्षं तिने शाळेत शिपाईगिरी केली. तीन मजले, दिवसातून किती वेळा कोण जाणे. घंटा दे, नोटिशीची वही फिरव, मुख्याध्यापकांचा चहा वर ने, कप खाली आण. त्या गुडघ्यांनी जेवढं चालायचं तेवढं चालून झालंय. एक्स-रे तूच दाखवलास ना मला? हाडांच्या मधली गादी झिजलीय म्हणालीस. मग झिजलेली वस्तू कुणी आणखी झिजवतं का? आमच्याकडे बेअरिंग वाजायला लागलं की मशीन कमी चालवतात. कारखान्यातल्या कुठल्याही हेल्परला हे कळतं.

तर मी काय केलंय ते सांगते, म्हणजे तुझी काळजी मिटेल. तुला माहीत आहे, स्विच जोडण्याच्या लाइनवर मी बायकांना जागेवरून उठू देत नाही. स्क्रू डाव्या हाताला, स्प्रिंग उजव्या हाताला, तयार माल समोरच्या घसरणीवर. नवी बाई आली की तिला बसवते, हात लांब करायला लावते आणि टेबलावर खडूने अर्धगोल काढते. त्या रेषेच्या बाहेर काही ठेवायचं नाही. तेच मी घरी केलं. आईचा हात खांद्यापासून अठ्ठावन्न सेंटिमीटर भरला. तिच्या खुर्चीभोवती खडूने रेघ मारली आणि पाणी, औषधं, चष्मा, रेडिओ, फोन, थर्मास, कपडे, सगळं रेघेच्या आत आणलं. दाराच्या कडीला दोरी बांधलीय, बसल्या बसल्या ओढली की दार उघडतं.

आधी ती दिवसाला चारशे बारा पावलं चालायची. मी रविवारी दिवसभर मागे फिरून मोजली. आता एकशे पंच्याहत्तर.

तू भिंतीवर चिकटवलेला व्यायामाचा कागद काढून टाकलाय. भिंतीचा रंग निघाला त्याच्याबरोबर.

ताई


२१ मार्च

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. मी दोन पानं लिहिली आणि तू एक ओळ. "गुडघ्याखाली उशी ठेवू नकोस." बस्स. ना नमस्कार, ना सही. उशीचं तुला कळवलं कोणी? आईनेच. तुम्ही दोघी रोज बोलता ते मला माहीत आहे. मी कामावर गेले की बोलता. बोला. मी काही जळत नाही.

उशीने तिला बरं वाटतं. पाय किंचित दुमडलेला राहिला की ठणका कमी होतो, असं ती स्वतः म्हणते. आता ज्या गोष्टीने आईला बरं वाटतं तीच नेमकी तुला का खुपते? कार्ड वाचून मी दुसरी उशी आणली. जरा जाड.

कारखान्यात माझा सत्कार झाला. माझ्या लाइनवर बायकांची हालचाल निम्म्याने घटली आणि माल सव्वापट निघाला, म्हणून मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर शाल आणि घड्याळ दिलं. घड्याळ आईच्या समोर लावलंय. मान न वळवता दिसतं.

घरातली प्रगती अशी: आईच्या खुर्चीला चाकं बसवली. आमच्या मेंटेनन्सच्या माणसाने बसवून दिली, ब्रेकसकट. रात्रीसाठी खुर्चीखाली भांडं आहे. पावलं आता चौसष्ट. तिचं दुखणंही कमी आहे. गोळ्या रोज दोन लागायच्या, आता एखादी. घे, तुझ्या डिग्रीला हे जमलं असतं?

मधे एकदा म्हणाली, "जरा धाकटीकडे जाऊन राहावं असं वाटतं." मी म्हटलं, जा की. पण तिसऱ्या मजल्यावर राहते ती, लिफ्ट नाही, बेचाळीस पायऱ्या आहेत. आधी गुडघ्यांना पुरता आराम मिळू दे, मग बघू. तिने मान डोलावली. ती समजूतदार आहे, तुझ्यासारखी नाही.

ताई


९ मे

धाकटे,

फार वेळ नाही, लाइनवर नवी ऑर्डर आलीय.

आई बरी आहे. खालचे घड्याळवाले काका परवा भेटले होते, तुझी चौकशी करत होते. अजून तसेच आहेत, भिंग डोळ्याला लावूनच बोलतात, आपण त्यांच्या डोळ्यात मावतो की नाही कोण जाणे.

तू दिलेली काठी सापडत नाहीये. ती अॅल्युमिनियमची, रबरी बूट असलेली. आईने कुठे ठेवली तिलाही आठवत नाही. घर आवरताना गेली असेल भंगारात. नाहीतरी आता तिचा उपयोग नव्हताच.

पावलं एकोणीस. बाकी सगळं ठीक.

ताई


१४ ऑगस्ट

धाकटे,

तुझं आणि आईचं काही बिनसलंय का? हल्ली तुझा फोन आला की ती चटकन ठेवते. मी विचारलं तर म्हणते, "ती चिडलीय माझ्यावर." आईवर कसली चिडतेस? चिडायला मी आहे ना.

आई जरा घसरली. पडली नाही, घसरली. खुर्चीतून पलंगावर जाताना पाय खाली टेकवला आणि तो धरलाच नाही. मी कारखान्यात होते. दोरी ओढून दार उघडलं तिने, पण हाका मारल्या तरी आवाज खाली पोचला नाही. पावणेदोन तास जमिनीवर होती. कुठे मोडलं नाही. ढोपराला खरचटलं तेवढं.

आता मी तिला पलंगावरच ठेवलंय. पलंगाभोवती रेघ मारलीय.

तुला एक विचारायचं होतं. विचारते म्हणून असं समजू नकोस की मी काही कबूल करतेय. तिच्या मांड्या बारीक झाल्यात. अंगाने ती सुटलीय, चौदा किलो वाढलं वजन, पण मांड्या नुसत्या हातात मावतात. आणि उजवा गुडघा सरळ होत नाही. मी टाच धरून हळूच खाली दाबला तर तिने असा आवाज काढला की मी टाच सोडून दिली. उशी काढली तरी पाय उशी असल्यासारखाच राहतो. हे वयाने होतं का? दुखणंही परत आलंय, आधीपेक्षा जास्त, न चालता. एकोणीस पावलांचीही ती राहिली नाही आणि गोळ्या तीन लागतात.

उत्तर पाठव. एक ओळ चालेल.

ताई


६ ऑक्टोबर

धाकटे,

तुझं उत्तर आलं नाही. पहिल्या तीन पत्रांनंतर तू वाचायचंच सोडलंस का? सोडलं असशील तर हे कुणासाठी लिहितेय मी? तरी लिहिते.

काल आईला हाडांच्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. चौघांना उचलून न्यावं लागलं. मी मनात ठरवूनच गेले होते, बदलून टाका गुडघे, आजकाल सर्रास करतात, पंधरा दिवसांत माणूस चालतं. मी तसं म्हणालेही. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरला, मग बाजूला ठेवला आणि आईच्या मांडीवर हात ठेवून म्हणाले, "बाई, पाय दाबा माझ्या हातावर." आईने दाबला. म्हणजे तिने दाबला असावा, कारण तिच्या कपाळावर आठ्या आल्या. डॉक्टरांचा हात हलला नाही.

मग ते मला म्हणाले, "किती महिने बसून आहेत?"

मी म्हटलं, आठ. मी म्हटलं, मी त्यांना एक पाऊल टाकू दिलं नाही, इतकी काळजी घेतली. असं बोलले मी, धाकटे. अभिमानाने.

त्यांनी रागवायला हवं होतं, पण ते थकलेले दिसले. म्हणाले, "एक्स-रेमध्ये गुडघा जेवढा खराब आहे ना, तेवढ्या खराब गुडघ्यांनी माझ्याकडे लोक जिना चढून येतात. यांना गुडघ्याने पाडलेलं नाही. गुडघा धरून ठेवणारे स्नायू गेलेत. नवा सांधा मी बसवीन, पण तो पेलणार कोण? शिवाय पाय दुमडलेलाच आखडलाय. आधी तो सरळ करा, मांडीत ताकद आणा, वजन उतरवा, मग या." किती दिवस लागतील विचारलं तर हात उलटा केला. "या वयात सगळं परत येईलच असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही."

मी त्यांना बेअरिंगचं सांगितलं. झिजलेलं कमी चालवायचं असतं. त्यावर ते म्हणाले, "बेअरिंगला आपण बाहेरून वंगण घालतो. सांधा हलला तरच त्याच्यात रस फिरतो, तेच त्याचं खाणं. तुम्ही उपाशी ठेवलात तो." त्यांनी एक कागद दिला. व्यायामाचा. खुर्चीवरून उठणं, बसणं, दहा वेळा. पाय सरळ ताणून धरणं, दहा अंक मोजेपर्यंत. दुखलं तर थोडं थांबायचं, पण सोडायचं नाही. खाली लिहिलं होतं, गुडघ्याखाली उशी नको.

तोच कागद, धाकटे. तुझाच. फक्त अक्षर वेगळं.

परत येताना आई गाडीत म्हणाली, "डॉक्टर चांगला होता." मला रडायला आलं तर तिने माझ्या हातावर थोपटलं. समजूत ती माझी घालत होती.

ताई


१९ ऑक्टोबर

धाकटे,

आज सुट्टी आहे. पत्र पुरं केल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवून बसलेय.

काठी हरवली नव्हती.

मे महिन्यात मी कामावर निघाले तेव्हा घड्याळवाले काका दुकान उघडत होते. मला बघून इतके खुलले, म्हणाले, "तुमच्या आईंचं कौतुक करावं तेवढं थोडं! काय सुधारणा आहे! तेरा पायऱ्या उतरून येतात, मधे एकदाच थांबतात. इथे स्टुलावर घोटभर चहा घेतात आणि परत चढतात. तुमची बहीण फोनवर मोजत असते, मी ऐकतो ना." मी हसून हो हो म्हटलं. चेहरा काय झाला होता कुणास ठाऊक. ते भिंगातून बघत होते, त्यांना सगळा दिसला असेल.

रोज अकराला. मी गेल्यावर. महिनाभर चाललं होतं तुमचं. मी एकोणीस पावलं लिहीत होते आणि ती जिना चढत होती.

काका पुढे म्हणाले, "ऑक्टोबरपर्यंत बेचाळीस पायऱ्या चढायच्यात म्हणतात. धाकटीकडे जायचंय. मी विचारलं, परत कधी याल? तर म्हणाल्या, बघू."

बघू.

तुला माहीत आहे ना, नवरा सोडून गेला तेव्हाही मी कामावरून घरी आले होते आणि दार उघडलं होतं. कपाट रिकामं, चप्पल-बूट नाहीत, आणि चहाचा कप धुऊन पालथा घातलेला. जाताना कप धुतला त्याने. त्या दिवसापासून दार उघडलं की मी आधी कोपऱ्यातल्या चपला बघते. आईला मी त्यानंतर घरी आणली. सगळे म्हणाले, थोरली आईला सांभाळते. मीही तेच म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आंघोळीत होती तेव्हा मी काठी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि कारखान्यात नेली. माझ्या लॉकरमध्ये उभी मावेना, म्हणून तिचा रबरी बूट काढून तिरकी घातली. संध्याकाळी आईने विचारलं, "काठी बघितलीस का गं?" मी म्हटलं, नाही बाई. मग तिने परत विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती जिना उतरली नाही. तुला तिने सांगितलं असेल, आता नको, कंटाळा आला. आणि तू तिच्यावर चिडलीस. स्वाभाविक आहे. कुणीही चिडलं असतं.

तेव्हा मला खरंच वाटत होतं का, की चालल्याने गुडघे झिजतात? पाच महिने मी स्वतःला हाच प्रश्न विचारतेय. फेब्रुवारीत वाटत होतं. शपथेवर सांगते, फेब्रुवारीत वाटत होतं. मे महिन्यात मी काकांच्या तोंडून ऐकलं की ती चालून बरी होतेय. आणि तरी काठी नेली. आई बरी होईल याचीच मला भीती वाटली. अक्षर लागत नसेल तर दोनदा वाच.

उत्तराची अपेक्षा नाही.

ताई


२ नोव्हेंबर

धाकटे,

तुझं कार्ड आलं. "रविवारी सकाळच्या गाडीने पोचते." सही नाही, पण मी तारीख तीनदा वाचली.

तू यायच्या आत काही गोष्टी तुला माहीत असलेल्या बऱ्या. आईच्या पाठीवर दोन जखमा झाल्यात, पडून पडून. डॉक्टरांची नर्स एक दिवसाआड येऊन पट्टी बदलते. पाय दोन आठवड्यांत बोटभर सरळ झालाय, तो मी करतेय, कागदावर लिहिलंय तसं. ती ओरडते आणि मी मोजते. तू मोजत होतीस तसं. उभी करायला मी आणि शेजारीण दोघी लागतो आणि ती चार अंक मोजेपर्यंत टिकते. काल तीनच. तुझ्या बेचाळीस पायऱ्या आता ती चढेल असं मला वाटत नाही. तू बघशीलच, तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. जमिनीवरची रेघ मी पुसली, पण खडू फरशीच्या फटीत गेलाय, पुसट दिसते.

आणि शेवटची गोष्ट. कार्ड आल्यावर मी आईजवळ बसले आणि काठीचं सगळं सांगून टाकलं. तू आल्यावर तुझ्या तोंडून कळण्याआधी माझ्या तोंडून कळावं म्हणून. ती ऐकत होती. मधे एकदा म्हणाली, पाय जरा डावीकडे घे गं. मी घेतला. माझं बोलून झालं तर म्हणाली, "माहीत आहे मला."

मी म्हटलं, काय माहीत आहे?

"खिडकीतून दिसलीस ना जाताना. कागदात गुंडाळली होतीस, पण खालचं रबर बाहेर आलं होतं."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस? मागितली का नाहीस? दुसरी आणली असती काकांनी. भिंत धरून उतरली असतीस. तुला चालता येत होतं, आई!

तिने पांघरूण वर ओढून घेतलं. मग म्हणाली, "तू संध्याकाळी दार उघडलंस की चप्पल काढायच्या आधी माझ्या खोलीत डोकावायचीस. मी खुर्चीत दिसले की तुझा जीव भांड्यात पडायचा. रोज दिसायचं मला ते. धाकटीचं काय, ती खंबीर आहे. म्हटलं, बसू या आपण."

असं म्हणाली, जसं काही बसमध्ये जागा दिली कुणाला. तिने तिचे पाय मला देऊन टाकले, धाकटे, आणि मी ते घेतले, आणि वर शाल आणि घड्याळ घेतलं. मी तिच्या पांघरुणात तोंड खुपसून रडले. ती म्हणाली, "पुरे आता, माझ्या पायावर भार येतोय."

हे तुला सांगायचं नाही अशी तिने मला शपथ घातलीय. म्हणाली, बहिणी बहिणींत वितुष्ट नको. मी शपथ मोडतेय. तू माझ्याशी आयुष्यभर बोलली नाहीस तरी चालेल, तिला घेऊन गेलीस तरी मी आडवी येणार नाही. रुग्णवाहिकेची चौकशी करून ठेवलीय, तुझ्या जिन्यात स्ट्रेचर वळतं का तेवढं तू बघ. आमच्या कारखान्यातले चौघे वर उचलून न्यायला तयार आहेत.

रविवारी तू तिच्याजवळ बसशील, मांडी चाचपून बघशील आणि विचारशील, मे महिन्यात इतकं छान चाललं होतं, मग का सोडलंस? ती म्हणेल, कंटाळा आला होता. तिचं खरं मानू नकोस.

ताई